डावा स्पीकर

साचा कागदाचा होता, मधोमध गोल.
कायसाने तो भिंतीवर टेकवला, मी लेव्हल धरली,
बुडबुडा काही मध्ये येईना.
हे घर त्रेपन्न सालापासून तलावाकडे कललेलं.
"घराच्या हिशेबाने लावू की पृथ्वीच्या?" लेकीने विचारलं.
घराच्या, मी म्हटलं.

उजवा सकाळीच बसला होता, तक्रार न करता.
खांब शोधायचं यंत्र चिवचिवलं, करवत आत गेली,
गालिच्यावर खडूसारखी भुकटी,
लाल तार लालला, काळी काळीला,
आणि चार स्क्रू पिळले की आतल्या आत
चार पंजे वळतात, भिंतीला मागून धरतात.
हे मला फार आवडलं.
दिसत नाही, मनगटाला कळतं.

डाव्या भिंतीपलीकडे न्हाणीघर.
तिथे करवत अडली.
खिळा असेल, मी म्हटलं.
पाइप असेल, कायसा म्हणाली,
तेव्हा मात्र मी करवत सोडली, पाइप म्हणजे पाइप.
मग भोकात बोट घातलं,
नको होतं घालायला,
आणि रक्त आलं.

भोक मोठं केलं तशी भिंत वाजली.
स्पीकर अजून खोक्यातच होता.
आधी सळसळ, मग एकदम खळकन,
मग बराच वेळ थांबून थांबून एकेक:
दाढीची पाती.
दुधारी, गंजलेली, चार-चार एकमेकांना चिकटलेली.
दोन खांबांमधल्या आडव्या फळीवर
त्यांचा ढीग साचला होता.

आरशामागच्या कपाटाला पाठीत एक फट असे,
गल्ल्याला असते तेवढी.
वापरलेलं पातं तिथून सारायचं.
पुढे त्याचं काय होतं, आमच्यात कुणी विचारलं नाही.

भिंतीला कान असतात, ठाऊक होतं.
दाढी असते, हे नव्हतं.

आयनो लाहती, माझे वडील.
डलूथच्या धक्क्यावर एकतीस वर्षं,
जहाजाच्या पोटात लोहखनिज ओतताना
जो आवाज होतो, त्याच्या अगदी खाली उभे.
घरी आले की चमचा बशीला लागला
तरी त्यांची मान वर होई.
बोलत काही नसत. नुसती मान.
रेडिओ फक्त वारा किती, लाटा किती एवढ्यापुरता.
आर्लीनने पगारातून प्लेअर आणला
तो गॅरेजमध्ये राहिला, गाडीच्या मागच्या सीटवर,
काचा वर करून ती ऐकायची.
मला बसू द्यायची कधी कधी.

शनिवारी सौना, शनिवारी नवं पातं.
बावन्न गुणिले एकतीस. कायसाने फोनवर गुणाकार केला,
मी सांगितलं, सुट्ट्या वजा करू नकोस,
ते सुट्टी घेत नसत.

कॉफीचे दोन डबे भरले.
आर्लीनला फोन लावला.
"टिटॅनसचं इंजेक्शन कधी घेतलं होतंस?"
मग ती गप्प.
मग, "किती डबे म्हणालास?"

संध्याकाळी जाळ्या लावल्या. चुंबकाने आपोआप बसतात,
भिंतीच्याच रंगाच्या, शोधल्याशिवाय सापडू नयेत अशा.
कायसाने चेलो लावला.
उजवीकडून स्वच्छ, लाकडासारखा.
डावीकडून पण तसाच, आणि मग एका खालच्या सुरावर
झर्र.
तिने पुन्हा लावला. त्याच जागी, झर्र.

एखादं राहिलं असेल फळीवर,
स्पीकरच्या चुंबकाने ओढून घेतलं असेल.
"चार स्क्रू फक्त, बाबा. दहा मिनिटांचं काम."
शनिवारी बघू, मी म्हटलं.

बोटाची पट्टी निघून आता महिना झाला.
तो सूर जवळ आला की कायसा माझ्याकडे बघते
आणि मी मान वर करतो.